पत्रा खोटा, शर्यत खरी

१९५७च्या मिले मिलिया शर्यतीत आल्फोन्सो दे पोर्तागो या स्पॅनिश उमरावाच्या लाल फेरारीवर ५३१ हा आकडा रंगवलेला होता. ही तिची सुटण्याची वेळ: पहाटे पाच वाजून एकतीस मिनिटं. ब्रेशाहून रोमला जाऊन परत ब्रेशाला येणाऱ्या या हजार मैलांच्या शर्यतीत गाड्या एकदम सुटत नसत. लहान, कमी ताकदीच्या गाड्या रात्रीच निघायच्या, दांडग्या गाड्या पहाटे, आणि ज्या मिनिटाला गाडी सुटणार तोच आकडा तिच्या अंगावर असायचा. वाटेवरच्या गावात दारात उभ्या असलेल्या माणसानं घड्याळाकडे पाहिलं की कोण आघाडीवर, कोण पिछाडीवर, हा हिशोब त्याला तोंडी करता यायचा.

मायकेल मान यांच्या ‘फेरारी’ (२०२३) या चित्रपटात हा ५३१ चुकलेला नाही. ती शर्यत जिंकणाऱ्या पिएरो तारुफीचा ५३५ही चुकलेला नाही. मात्र हे आकडे ज्या पत्र्यावर रंगवलेत, तो पत्रा १९५७चा नव्हे. चित्रपटासाठी नव्यानं ठोकलेला आहे.

संपादकांनी या अंकासाठी ‘अस्सल’ हा विषय दिला, तेव्हा मला हे आकडे आठवले. जुन्या मोटार शर्यतींवरचे चित्रपट मी लहानपणापासून बघत आलोय, आणि त्यातली गाडी खरी की बनावट यावरून तासन् तास वादही घातलेत. या वेळी ब्रेशा, मोदेना आणि ग्विदीत्सोलोला जाऊन आलो. परतल्यावर ते सगळे चित्रपट थांबवत थांबवत पुन्हा पाहिले. त्यातला एक पाहताना शेजारी पुण्यातले एक जुने डेंटरकाका होते. फियाट आणि मॉरिस मायनरच्या पत्र्यावर त्यांची हयात गेली आहे.

खऱ्या गाड्यांची गर्दी

मूळ शर्यत १९५७ नंतर बंद झाली. तिच्या नावानं आज जे भरतं ते जुन्या गाड्यांचं संमेलन आहे. त्यात वेगाला महत्त्व नाही, ठरवून दिलेली वेळ अचूक पाळणाऱ्याला गुण मिळतात. ज्या जातीच्या गाड्या १९२७ ते १९५७ या काळात मूळ शर्यतीत धावल्या, त्यांनाच इथे प्रवेश. जूनमध्ये ब्रेशाच्या व्हियाले व्हेनेत्सिया या रस्त्यावर अशा चारशेहून अधिक गाड्या रांगेनं उभ्या होत्या. जगात इतक्या खऱ्या गाड्या एका जागी दुसरीकडे क्वचितच दिसतील.

मी एका दोन आसनी लाल गाडीजवळ बराच वेळ उभा राहिलो. चाकांना तारांच्या काड्या होत्या. मध्यभागी दोन कानांचा एक मोठा नट होता. चाक बदलायचं तर तांब्याच्या हातोडीनं त्या कानावर ठोका मारायचा. तांबं मऊ, म्हणून नटाला खोक पडत नाही. बोनेटवर चामड्याचा पट्टा आवळलेला. सगळं मूळचं. तरी ती गाडी १९५०च्या दशकातल्या छायाचित्रांतल्या गाडीसारखी दिसत नव्हती. रंगाचे इतके थर चढवून घासलेले, की त्यात समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजता याव्यात. पत्र्याचे सांधे एकसारखे, कुठे ओरखडा नाही. दारावरचा आकडा कापून चिकटवलेला, त्याच्या कडा सुरीसारख्या. जुन्या छायाचित्रांत आकडे ब्रशनं काढलेले दिसतात, कडा थोड्या हललेल्या. बंपरच्या जागी माशा आणि चिखल, कुठे भिंतीला घासल्याचा पोचा.

म्हणजे गाडी खरी, पण १९५७च्या पहाटेला ती जशी होती तशी नाही. साठ-सत्तर वर्षांत यातल्या किती गाड्या आपटल्या, विकल्या गेल्या, त्यांचे पत्रे बदलले, इंजिनं एकीतून काढून दुसरीत बसली. शेवटी कुणा श्रीमंताकडे पोहोचल्यावर प्रत्येक खिळा चकचकीत करून घेतला गेला. चित्रपटासाठी यातली एक मागून आणली, तरी पडद्यावर दिसणार ती संग्रहालयातली गाडी.

आणि मागायची तरी कुणी? पोर्तागोच्या ३३५ एसची एक सख्खी बहीण २०१६मध्ये पॅरिसच्या लिलावात ३ कोटी २० लाख युरोंच्या वर गेली. असली गाडी ओल्या रस्त्यावर वळणात घसरवत न्या, असं कुठला दिग्दर्शक सांगेल आणि कुठली विमा कंपनी ऐकेल?

मोदेनाची पद्धत

म्हणून मान यांच्या मंडळींनी मोदेनातल्या काम्पाना या पत्रा-कारखान्याकडून गाड्या करून घेतल्या. खऱ्या गाड्यांची माप-आखणी करून त्यावरून नवे सांगाडे आणि नवे पत्रे बनवले. आत इंजिन आणि ब्रेक आजचे. तेव्हाच्या इंजिनांचा आवाज खऱ्या गाड्यांचा घेऊन वर चढवला. काम मोदेनालाच झालं याला मी फार महत्त्व देतो, कारण त्या शहरात या पत्र्याचं घराणं आहे.

१९५०च्या दशकात फेरारीच्या शर्यतीच्या गाड्यांचे पत्रे सर्जो स्कालिएत्तीच्या कारखान्यात ठोकले जायचे. तिथे कागदावरच्या नकाशांना फारसं स्थान नव्हतं. वाळूच्या पिशवीवर अल्युमिनियमचा पत्रा ठेवायचा, लाकडी हातोड्यानं त्याला पोट आणायचं, सांगाड्यावर धरून बघायचं, परत ठोकायचं. नजर हाच नकाशा. पुण्याच्या तांबट आळीत दुपारी जो ठोक्यांचा नाद ऐकू येतो, तसाच त्या कारखान्यात घुमत असणार.

परतल्यावर मी डेंटरकाकांना त्या काळची छायाचित्रं दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि दोन्ही बाजूंची मडगार्डं आलटून पालटून बघितली.

“अहो, ही डावी बाजू जरा फुगीर आहे.”

“सगळ्याच गाड्यांत असं आहे, काका.”

“असणारच. दोन्ही बाजू एकसारख्या आल्या असत्या तर म्हटलं असतं, साच्यातून काढल्यात. हातानं केलेल्या कामात डावं-उजवं राहतंच.”

आता यातून एक पेच तयार होतो. हातानं केलेल्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या गाड्यांची अचूक नक्कल म्हणजे कशाची नक्कल? अमुक एका दिवशी, अमुक एका रस्त्यावर होती त्या गाडीची. शर्यतीच्या सकाळी तिचा कुठला दिवा फुटलेला होता, कुठल्या बाजूला हवेसाठी भोक पाडलं होतं, इथपर्यंत जायला हवं. ‘फेरारी’त तेवढा अभ्यास दिसतो. धूळ, तेलाचे ओघळ, चालकांच्या तोंडावरची काजळी, सगळं त्या दिवसाचं आहे. मला ब्रेशातल्या खऱ्या गाड्यांपेक्षा पडद्यावरच्या या बनावट गाड्या १९५७च्या जास्त जवळच्या वाटल्या.

एक गोष्ट मात्र नकलेत हटकून निसटते, ती टायरची. तेव्हाचे टायर अरुंद, आणि आतल्या दोऱ्यांचे थर आडवे-तिरपे टाकलेले. ते रस्त्याला घट्ट धरत नसत. चारही चाकं थोडी थोडी घसरत, गाडी तिरपी होऊन वळण काढायची, आणि चालक स्टिअरिंगवर सतत हात हलवत तिला सावरायचा. आजचा टायर रस्ता पकडतो आणि गाडी रुळावरून गेल्यासारखी वळते. पुढच्या वेळी असा चित्रपट बघाल तेव्हा गाडीचं नाक सोडा आणि चालकाचे हात बघा. ते शांत असतील तर खाली टायर आजचे आहेत.

बारा नळ्यांचा देखावा

डेंटरकाकांसोबत बघितला तो जॉन फ्रँकनहायमर यांचा ‘ग्रां प्री’ (१९६६). त्याच वर्षी फॉर्म्युला वनचा नियम बदलून इंजिनं दुप्पट, म्हणजे तीन लिटरची झाली होती. संघांकडेच नव्या गाड्या पुरेशा नव्हत्या, तर सिनेमावाल्यांना कोण देणार? मग इंग्लंडमधल्या जिम रसेल यांच्या शर्यत-शाळेनं लहान वर्गाच्या, फॉर्म्युला थ्रीच्या गाड्या घेतल्या, त्यांना मोठ्या गाड्यांसारखी नाकं आणि पाठी लावल्या, आणि मागे मोठ्या इंजिनाचा भास होईल अशा नळ्या जोडल्या.

काकांनी पहिल्या दहा मिनिटांतच चित्रपट थांबवायला लावला. “या नळ्या बघा. आवाज केवढा आणि यातून धूर म्हणून नाही.” मग थोड्या वेळानं, मोनाकोच्या अरुंद रस्त्यावर गाड्या भिंतींना चाटून जात होत्या तेव्हा, ते स्वतःच म्हणाले, “पण चालवतायत मात्र खरंच.”

आणि ते खरंच आहे. फ्रँकनहायमर यांनी कॅमेरा हळू फिरवून नंतर वेग वाढवल्याचा आभास करण्याची स्वस्त युक्ती नाकारली. नायक जेम्स गार्नरनं आपली गाडी स्वतः चालवली. कॅमेऱ्याची गाडी होती फोर्ड जीटी ४०, आणि ती हाकायला १९६१चा जगज्जेता फिल हिल. वजनदार सत्तर मिलिमीटरचे कॅमेरे गाड्यांवर बसवले, खऱ्या शर्यतींच्या दिवशी खऱ्या गर्दीत चित्रण केलं. फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी आधी सहकार्याला तयार नव्हते. त्यांना मोनाकोचं चित्रण दाखवल्यावर त्यांनी आपल्या कारखान्याचं दार उघडलं. ब्रूस मॅक्लारेननं तर त्या वर्षी आपली खरी शर्यतीची गाडी पांढऱ्या रंगावर हिरवा पट्टा मारून उतरवली, कारण चित्रपटातल्या काल्पनिक जपानी संघाच्या गाड्यांचा रंग तसा होता. सिनेमासाठी प्रत्यक्ष शर्यतीचा रंग बदलल्याचं असं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

चुकाही आहेत. शेवटची शर्यत मोन्झाच्या जुन्या, भिंतीसारख्या तिरप्या वळणांवर दाखवली आहे. ग्रां प्री शर्यतींनी ती वळणं १९६१ नंतर सोडली होती. पडद्यावर ती भव्य दिसतात, म्हणून घेतली. तरी १९६६च्या वेगाची, पट्टा न बांधलेल्या माणसांची जी भीती आहे, ती या लहान गाड्यांतून पुरेपूर पोहोचते.

एकाच वर्षाची सुरुवात

या सगळ्यांत मी सगळ्यात वर ठेवतो तो स्टीव्ह मॅक्वीनचा ‘ल माँ’ (१९७१). फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत, १९७० साल. बहुतेक गाड्या खऱ्या, त्याच मोसमातल्या: पोर्श ९१७ आणि फेरारी ५१२. एन्झो फेरारींनी गाड्या दिल्या नाहीत, कारण कथेत पोर्श जिंकते. मग बेल्जियममधले फेरारीचे प्रतिनिधी जाक स्वाटर्स यांच्याकडून त्या मिळवल्या.

मॅक्वीनला स्वतः शर्यतीत उतरायचं होतं. विम्यापायी ते जमलं नाही. पण त्याच्या कंपनीनं खऱ्या शर्यतीत एक गाडी उतरवलीच. त्या वर्षी मार्चमध्ये सेब्रिंगला, पायाला प्लास्टर असताना, ज्या पोर्श ९०८मधून मॅक्वीननं पीटर रेव्हसनसोबत दुसरा क्रमांक मिळवला होता तीच. तिच्यावर पुढे-मागे कॅमेरे बसवले. हर्बर्ट लिंगे आणि जोनाथन विल्यम्स यांनी ती चोवीस तास चालवली. रीळ संपलं की गाडी पिटमध्ये यायची, रिळं बदलायची, आणि परत त्याच वेगात इतरांमध्ये घुसायची. त्या थांब्यांपायी तिचं अंतर कमी भरलं आणि निकालपत्रात तिला क्रमांक मिळाला नाही. पण जी दृश्यं हाती आली, ती शर्यतीच्या आतून घेतलेली आहेत.

यात एक तपशील असा आहे की त्यामुळे हा चित्रपट दस्तऐवज ठरतो. ल माँची जुनी रीत म्हणजे चालक रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे आणि झेंडा पडला की धावत जाऊन गाडीत उडी टाकायचे. घाईत पट्टा बांधायचा राहून जायचा. १९६९मध्ये जॅकी इक्सनं धावायचं नाकारलं आणि चालत जाऊन, पट्टा बांधून मग सुरुवात केली. १९७०मध्ये गाड्या तशाच तिरप्या उभ्या, पण चालक आधीच आत, पट्टा बांधून. १९७१पासून गाड्या फिरत्या चालीवर सोडू लागले. म्हणजे तिरप्या उभ्या गाड्या आणि आत बसलेली माणसं, ही सुरुवात फक्त एका वर्षाची. चित्रपटात तीच आहे, आणि झेंड्याआधीची ती मिनिटं छातीच्या ठोक्यांवर ताणलेली आहेत.

अपघातांत मात्र खऱ्या ९१७ फोडल्या नाहीत. लोला टी ७० या त्यामानानं स्वस्त गाड्यांवर पोर्श आणि फेरारीचे पत्रे चढवले आणि त्या दूरनियंत्रणानं हाकून आदळल्या. नीट पाहिलं की फुटलेल्या पत्र्याखालचा सांगाडा वेगळा दिसतो. त्यात मला काही गैर वाटत नाही. कारण याच चित्रणात खऱ्या गाडीनं खरा बळी मागितला. डेव्हिड पायपर या इंग्लिश चालकाची ९१७ चित्रणादरम्यान आदळली आणि त्याच्या एका पायाचा खालचा भाग कापावा लागला. श्रेयनामावलीत त्याचे वेगळे आभार मानले आहेत. खऱ्याच गाड्या हव्यात असा आग्रह धरणाऱ्यांनी, आणि मीही एके काळी तो धरत होतो, हे नाव लक्षात ठेवावं.

चित्रपटात विजेती पोर्श निळ्या-नारिंगी गल्फ संघाची आहे. खरी शर्यत जिंकली ती हान्स हेरमान आणि रिचर्ड ॲटवूडच्या लाल-पांढऱ्या २३ क्रमांकाच्या गाडीनं. पण चित्रपटातली माणसं उघड काल्पनिक आहेत. इथे कुणाचं श्रेय कुणाला दिलेलं नाही.

पत्रा बिनचूक, निकाल वाकडा

ही शेवटची गोष्ट ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’बद्दल (२०१९) म्हणता येत नाही, आणि तिथे माझं मन अडतं. जेम्स मँगोल्ड यांचा हा चित्रपट बघायला विलक्षण आहे. त्यातल्या बऱ्याच जीटी ४० सुपरफॉर्मन्स या नावाच्या, दक्षिण आफ्रिकेत बनणाऱ्या प्रतिकृती, मूळ गाडीशी इतक्या तंतोतंत की सुटे भाग एकमेकांना चालावेत. फेरारी ३३० पी ३ मुळात तीनच बनल्या होत्या, त्यांच्याही प्रतिकृती केल्या. ल माँचे पिट आणि प्रेक्षकांचे सज्जे कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या विमानतळावर उभे केले. ब्रेकच्या चकत्या झटपट बदलण्याची युक्ती दाखवली आहे, तीही खरी. फोर्डच्या बाजूनं काम करणाऱ्या फिल रेमिंग्टननं ती खरोखर शोधली होती.

पत्र्यावर एवढी मेहनत घेणाऱ्यांनी शर्यत मात्र हवी तशी वळवली. १९६६च्या ल माँला एन्झो फेरारी हजर नव्हते. चित्रपटात ते तिथे बसून फोर्डचा चालक केन माइल्सला टोपी उंचावून मान देतात. तिन्ही पी ३ शर्यत संपण्याच्या कित्येक तास आधी बाद झाल्या होत्या. चित्रपटात चुरस लांबवली आहे. १९६५मध्ये माइल्स ब्रूस मॅक्लारेनसोबत ल माँला धावला होता. चित्रपटात त्याला मागे ठेवून रेडिओ ऐकायला लावलंय. १९६६मधला त्याचा जोडीदार डेनी हल्म तर जवळजवळ गायबच आहे, जणू चोवीस तास एकट्या माइल्सनं गाडी चालवली.

शेवट मात्र खऱ्यातलाच आहे, आणि खरा शेवटच सगळ्यात चटका लावणारा आहे. फोर्डला तीन गाड्या एकत्र रेषा ओलांडताना हव्या होत्या. माइल्सनं वेग कमी केला. मॅक्लारेन आणि ख्रिस एमनची काळी गाडी सुरुवातीला मागे उभी होती, म्हणजे तिनं काही मीटर जास्त अंतर कापलं, म्हणून विजेती ती. दोन महिन्यांनी, १७ ऑगस्ट १९६६ रोजी, रिव्हरसाइडला नव्या गाडीची चाचणी घेताना माइल्स गेला. जिथे वस्तुस्थितीच इतकी जड आहे, तिथे तिच्यावर टोपी उंचावण्याचा प्रसंग कशाला रचायचा?

‘रश’मध्येही (२०१३) थोडं असंच आहे. १ ऑगस्ट १९७६चा न्यूरबुर्गरिंगवरचा निकी लाउडाचा अपघात, त्याला आगीतून ओढून काढणारे इतर चालक, सहा आठवड्यांत जखमांवर हेल्मेट चढवून मोन्झाला परतणं, एका गुणानं हुकलेलं जगज्जेतेपद: हे सगळं नेमकं आहे. गाड्याही पुष्कळशा खऱ्या. पण लाउडा आणि जेम्स हंट यांचं हाडवैर रंगवलंय. प्रत्यक्षात ते मित्र होते, उमेदवारीच्या दिवसांत लंडनमध्ये एका घरात राहिले होते. मित्रानं मित्राशी जीव पणाला लावून झुंजावं, हे वैरापेक्षा अवघड होतं. ते हातातून सुटलं.

ग्विदीत्सोलोचा रस्ता

ब्रेशाच्या दक्षिणेला मांतोव्हाकडे जाणारा रस्ता सरळ आणि सपाट आहे. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, मध्ये मध्ये शेतघरं. १२ मे १९५७ रोजी या रस्त्यावर, शर्यत संपायला सुमारे ४० किलोमीटर उरले असताना, पोर्तागोच्या गाडीचा टायर फुटला. तो, त्याचा जोडीदार एडमंड नेल्सन, आणि कडेला उभे असलेले नऊ प्रेक्षक ठार झाले. नवांपैकी पाच मुलं होती. काही दिवसांतच सरकारनं अशा शर्यतींवर बंदी घातली. फेरारींवर मनुष्यवधाचा खटला चालला आणि १९६१मध्ये ते निर्दोष सुटले.

रस्त्याच्या कडेला या सगळ्यांचं स्मारक आहे. तिथे उभं राहिलं की पहिल्यांदा जाणवतं ते अंतर. डांबराची कड आणि माणूस उभा राहील ती जागा यांच्यात काहीच नाही. ना कठडा, ना चर. अडीचशेच्या वेगानं गाडी जायची आणि पोरं तिच्यापासून हातभर लांब असायची. संग्रहालयात गाडीभोवती दोरी बांधलेली असते, त्यामुळे हे कळत नाही.

मान यांनी हा प्रसंग लपवला नाही. रस्त्याची ती कड, जेवणावरून उठून बाहेर धावलेली मुलं, गाडी, आणि नंतर जे उरलं ते, कॅमेरा न वळवता दाखवलंय. काहींना संगणकानं केलेली उड्डाणाची चित्रं खटकली. मला ती दुय्यम वाटतात. बनावट पत्र्याच्या त्या ५३१नं या रस्त्यावर काय झालं ते खरं सांगितलं.

म्हणून माझं मत असं: गाड्या खुशाल नव्या ठोका. खऱ्या गाड्या फोडू नका, त्यासाठी कुणाचा पाय जाऊ देऊ नका. पण निकालपत्राला आणि मेलेल्यांच्या यादीला हात लावायचा अधिकार कुणालाच नाही, कारण त्या माणसांना आता आपली बाजू मांडता येत नाही.

या दिवाळीच्या सुट्टीत यातला एकच चित्रपट बघायचा असेल तर ‘ल माँ’ बघा, जमेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर आणि आवाज मोठा ठेवून. ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ही जरूर बघा, पण आधी १९६६च्या त्या शर्यतीचा निकाल वाचा. पहिल्या क्रमांकावर मॅक्लारेन आणि एमन आहेत, दुसऱ्यावर माइल्स आणि हल्म. चौघांचीही नावं मुलांना सांगा.